दार अडकलं नव्हतं

आमच्या गल्लीत तिला सगळे बोलकी म्हणायचे, आणि नवा भाडेकरू हमखास फसायचा. त्याला वाटायचं, बाई तोंडाळ असणार. प्रत्यक्षात नळावर तिच्या शेजारी उभं राहून बादली भरून होईपर्यंत तिच्या तोंडून 'हं'च्या पलीकडे काही निघालं तर शपथ. नाव पडलं होतं ते तिच्या हातांमुळे. एकटी बसलेली असली तरी तिची बोटं हलत असायची, जणू कुणाशी तरी गुजगोष्टी चालल्यात.

तिच्या आईवडिलांना, दोघांनाही, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वडील लाकडी सामानाला पॉलिश करायचे, आई धुलाईच्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालायची. ही त्यांची एकुलती एक, आणि हिचे कान ठणठणीत. तोंडानं 'आई' म्हणायच्या आधी ती हातानं आई म्हणायला शिकली. जरा मोठी झाली तशी सगळ्या घराचं तोंडच झाली. डॉक्टर काय म्हणाले, दुकानदार काय म्हणाला, शाळेतल्या बाईंनी हिच्याच काय तक्रारी केल्या, सगळं हिनंच इकडून तिकडे पोचवायचं.

एकदा घरमालकीण दारात उभी राहून तिच्या आईला नाही नाही ते बोलली. पोरीला ते आईपर्यंत नेववेना. तिनं हातांनी सांगितलं, 'मालकीणबाई तुझी तब्येत विचारतायत.' आईनं आधी मालकिणीचा चेहरा पाहिला, मग लेकीचा. मालकीण गेल्यावर लेकीला समोर बसवून तिनं हातांनी विचारलं, 'खरं काय म्हणाली?' पोरीनं रडत रडत सगळं सांगितलं. आई म्हणाली, 'माझ्या वाट्याचं जे आहे ते मला दे. गोड असो की कडू. मधल्यामध्ये तू गाळू नकोस.'

ही आई रोज सकाळी खिडकीपाशी उभी राहून देवाशी बोलायची. अर्थात हातांनीच. शेजारणीनं एकदा पोरीला गाठून विचारलं, "का गं, आवाजच नाही तर देवाला कसं कळतं?" पोरीनं प्रश्न जसाच्या तसा आईकडे नेला. आईनं हसून उत्तर पाठवलं, 'तिला सांग, त्याला दिसतं.'

पुढे बोलकीचं लग्न झालं ते शिवणकामाच्या कारखान्यातल्या कटिंग मास्तरशी. मास्तर कापडावर कात्री चालवायला लागला की भलेभले बघत राहायचे, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याची दातखिळी बसायची. सासूबाईंचा आधी या लग्नाला साफ नकार होता. "बहिऱ्यांच्या घरची मुलगी आणून मी काय भिंतींशी बोलू?" असं त्या म्हणाल्या होत्या. वर्षभरातच त्यांची वेगळी तक्रार सुरू झाली. "हिच्यासमोर मेलं मनातसुद्धा खोटं बोलता येत नाही. चेहराच वाचते!"

बोलकी सकाळी ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. बाकी वेळात दवाखान्यातून, कचेरीतून, पोलिसांकडून बोलावणं आलं की दुभाषी म्हणून जायची. आमच्या भागात हे काम करणारी ती एकटीच. त्यातून जुनी, शाळा न शिकलेली माणसं जी घरगुती हातांची भाषा बोलतात, ती तर तिच्याशिवाय कुणालाच कळायची नाही.

अशातच कारखान्याला आग लागली.

भर दुपारी, मागच्या बाजूला, जिथे इस्त्री आणि काज-बटणाचं काम चालायचं तिथे. पुढच्या बाजूची माणसं बाहेर पडली. मागची माणसं मागच्या पत्र्याच्या दाराकडे धावली, आणि दार उघडलं नाही. धुरात कुणाला काही दिसत नव्हतं. दार उघडलं तेव्हा बरीचशी माणसं जिवंत बाहेर आली. काज करणारी एक बाई आली नाही. ती दाराला अगदी लागून पडली होती. तिच्या मागे म्हातारी आई सोडून कुणी नव्हतं.

मुकादमानं सांगितलं, "उष्णतेनं पत्रा फुगला, दार अडकलं. खांद्यानं रेटून रेटून मी उघडलं." मालकानंही तेच सांगितलं. आतली माणसं एवढंच सांगत होती, की दार उघडत नव्हतं. का उघडत नव्हतं ते बाहेरून पाहिलेला, मुकादमाखेरीज, माणूस एकच होता. त्याला सगळे इस्त्रीदादा म्हणायचे.

इस्त्रीदादाला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, लिहिता-वाचताही येत नव्हतं. आग लागली तेव्हा तो मागच्या अंगणात नळावर तोंड धूत होता. त्याच दिवशी त्याचे दोन्ही हात भाजले. दवाखान्यात हातांना चांगल्या जाडजूड पट्ट्या बांधल्या, आणि पट्ट्या बांधल्या म्हणजे त्याचं तोंडच बांधलं. पोलीस आले, त्याच्या पट्ट्यांकडे बघून परत गेले. त्यामुळे चौकशी लागली तेव्हा ठरलं, की पट्ट्या निघाल्या की त्याची साक्ष घ्यायची, आणि दुभाषी म्हणून बोलकीला बोलवायचं.

तिला बोलावणं आलं हे कळायचा अवकाश, मालकाचा मेव्हणा तिच्या घरी हजर. हातात फळांची भली मोठी टोपली. सासूबाईंना वाकून नमस्कार केला, मास्तरच्या पाठीवर हात ठेवला, आणि बोलकीला म्हणाला, "ताई, तुमच्याकडे मी मालकाचा माणूस म्हणून आलो नाही, भाऊ म्हणून आलोय."

"बसा," बोलकी म्हणाली.

"इस्त्रीदादा साधा माणूस. धुरात, घाबरलेल्या अवस्थेत त्यानं काय पाहिलं, काय नाही, त्याचं त्यालाच नीट कळलं नसणार. तो समजा कुलूप म्हणाला..."

"म्हणजे कुलूप होतं?"

मेव्हण्यानं मान हलवली, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. "मी कुठे तसं म्हणालो? समजा म्हणतोय. तर तुम्ही 'अडकलं' म्हणायचं. झालं. एका शब्दाचा तर प्रश्न! कुलूप लावलेलं निघालं की विम्याचे लोक हात वर करणार. कारखाना पुन्हा उभा राहणार नाही. एवढ्या घरांच्या चुली विझतील, त्यात तुमचीही. आणि कारखाना उभा राहिला, तर मास्तरांना आम्ही सगळा कारभार बघायला देणार आहोत. शाळेच्या समितीवरही आमचे दाजीच आहेत, तुमच्या कामाचं फार कौतुक आहे त्यांना."

शेवटचं वाक्य त्यानं हसत म्हटलं, पण बोलकीला चेहरे वाचायची सवय होती.

"आणि त्या खोलीत," तो उठता उठता म्हणाला, "हातांची भाषा कळणारं तुमच्याशिवाय दुसरं कोणी असणार आहे का? कुणाला कळणारसुद्धा नाही, ताई."

तो गेला. टोपली तिथेच राहिली.

खरं सांगायचं तर बोलकीनं त्याला त्याच क्षणी हाकलून दिलं नाही. ती काही देवमाणूस नव्हती. तिला नवऱ्याचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर भीती होती.

"दार खरंच अडकलं होतं का हो?" तिनं विचारलं.

मास्तर म्हणाला, "रोज कुलूप असायचं. मालकाला वाटायचं, बायका मागच्या दारानं माल बाहेर काढतात. सगळ्यांना माहीत होतं."

"तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

"मी विचारतेय."

"तुला सांगितलं ना आत्ता," असं म्हणून मास्तर पायात चपला सरकवून बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका यायला लागल्या. यांना मेव्हण्यानं पाठवलं होतं असंही नाही. त्यांचे नवरे, त्यांच्या मुली त्या कारखान्यात होत्या, आणि कारखान्याच्या दारावर पोलिसांनी सील ठोकलं होतं. एकजण रडली. एकीनं पदर पसरला. समोरच्या घरातली शिलाईवाली, जी स्वतः त्या दुपारी मागच्या दाराआड अडकली होती, ती मात्र तावातावानं बोलली, "गेलेली गेली बाई. तिला तुझा खरेपणा परत आणणार आहे का? तुझा देव तुला पोसेल, आमच्या पोरांचं काय?"

त्या बाईचं सगळंच काही खोटं नव्हतं. बोलकीच्या मनात एवढंच आलं, की सगळे आले, पण त्या काज करणाऱ्या बाईकडून कुणी आलं नाही. येणार कोण? तिच्या आईला तर अशी साक्ष होणार आहे हेही माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात भांडी घासताना ती स्वतःशीच ते वाक्य म्हणून बघायची. "दार अडकलं होतं." मोठ्यानं, चाचपून. आणि तिच्या लक्षात आलं, की ते अगदी सहज येतंय. जीभ अडखळत नाही, आवाज कापत नाही. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला स्वतःचीच धडकी भरली. हातातलं भांडं तिनं मोरीत आपटलं.

मग ती देवाशी भांडली. सासूबाई आतल्या खोलीत लवंडल्या होत्या, घरात दुसरं कुणी नव्हतं. साबणाच्या फेसानं भरलेले हात तसेच वर करून ती खिडकीकडे बघत हातांनी म्हणाली, 'तुला दुसरं कुणी मिळालं नाही? सगळ्या गावात हे मलाच द्यायचं होतं, तर निदान माझ्या नवऱ्याला दुसरीकडे नोकरी लावायची होतीस. आता मला नीट सांग, मी खरं बोलले तर तू आम्हाला सांभाळशील का? या सगळ्यांना सांभाळशील का?'

उत्तर काही आलं नाही. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं.

'बरं,' ती पुन्हा म्हणाली, आणि आता तिचे हात रागानं जोरात चालायला लागले, 'नको सांगूस. तू सांगितल्यावरच मी खरं बोलणार असेन, तर तो सौदा झाला. सौदा तर मेव्हणाही करतोय. मी खरं बोलणार. पुढचं तुझं तू बघ. तुझ्यावर टाकते आहे, आणि टाकलं म्हणजे टाकलं, मागं वळून बघायची नाही.'

"संपलं का भांडण?" मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

बोलकी चपापली. "तुम्हाला काय कळलं?"

"काही नाही कळलं. एवढ्या वर्षांत तुझी ती भाषा मला मेली येत नाही. पण भांडण ओळखता येतं मला." त्या जवळ आल्या. "कोण जिंकलं?"

"माहीत नाही. पण मी खोटं बोलणार नाही."

सासूबाई कोपऱ्यातल्या फळांच्या टोपलीकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला, टोपली उचलली आणि तरातरा निघाल्या. मेव्हण्याचं घर जवळच, चौकापलीकडे. तो दारातच गाडी पुसून घेत होता. सासूबाईंनी टोपली गाडीच्या टपावर ठेवली आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यातलं एक सफरचंद मी खाल्लंय. गोड होतं. बाकीची मोजून घ्या." आणि आल्या तशा परतल्या.

मास्तरला हे संध्याकाळी कळलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आई, तू तरी!"

"मी तरी काय? माझ्या सुनेला विकत घ्यायला येतो, आणि तेही फळांवर?" सासूबाई कडाडल्या. "तू पुरुष असून गप्प बसलास. म्हातारीनं बसायचं का?"

मास्तर त्या रात्री धड जेवला नाही.

साक्षीचा दिवस आला. चौकशीची खोली म्हणजे जुन्या कचेरीतली एक लांबट खोली. लोखंडी कपाटं, डुगडुगणारा पंखा, भिंतीला लावलेल्या खुर्च्या. टेबलामागे चौकशी अधिकारीबाई, केस पिकलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. एका बाजूला मालक, त्याचा वकील आणि मेव्हणा. मागे कामगार, त्यांच्यात मास्तरही. मुकादम बाहेरच्या बाकावर.

इस्त्रीदादा आला. त्यानं स्वतःच्या शर्टाला कडक इस्त्री केली होती, त्या तसल्या हातांनी. तळव्यांवर गुलाबी, ताणलेली नवी कातडी. बोटं पूर्ण उघडत नव्हती. बोलकीला बघून त्याचा चेहरा उजळला. आगीच्या दिवसापासून त्याचं म्हणणं कळेल असं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. पुरात अडकलेल्या माणसानं नाव बघावी तसं तो तिच्याकडे बघत होता.

बोलकीला शपथ दिली. देवाला स्मरून, या खोलीत जे बोललं जाईल ते जसंच्या तसं दोन्हीकडे पोचवीन.

"सुरू करायचं?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"मॅडम, त्याआधी एक," बोलकी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "साक्षीदाराला मला एक गोष्ट सांगायची आहे. मी शपथ घेतली आहे, म्हणून ती तुम्हालाही ऐकवते."

आणि ती हातांनी आणि तोंडानं एकदमच बोलायला लागली. "दादा, तो निळ्या शर्टातला माणूस माझ्या घरी आला होता. तो म्हणाला, तू कुलूप म्हणालास, तर मी दार अडकलं असं सांगायचं. म्हणाला, कुणाला कळणार नाही. तुझ्या हातातलं बोलणं चोरायला त्यानं मला सांगितलं. हे तुला माहीत असायला हवं, म्हणून सांगितलं."

मेव्हणा ताडकन उठला. "खोटं आहे! ही बाई..."

बोलकीनं शांतपणे त्याच्याकडे हात करून इस्त्रीदादाला सांगितलं, 'तो म्हणतो, मी खोटं बोलते.'

"हे कशाला सांगता त्याला?" वकील ओरडला.

'वकील विचारतात, हे तुला कशाला सांगते,' बोलकीचे हात चाललेच होते. मागच्या खुर्च्यांमधून कुणीतरी हसलं. अधिकारीबाईंनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि मेव्हण्याला म्हणाल्या, "बसा. हे नंतर बघू. आधी साक्ष."

इस्त्रीदादानं मेव्हण्याकडे बोट केलं आणि बोलकीला विचारलं. तिनं ते मोठ्यानं सांगितलं, "साक्षीदार मला विचारतोय, मग तू काय ठरवलंस?" आणि मग तिनं हातांनीही, तोंडानंही उत्तर दिलं, "तू जे म्हणशील तेच."

त्यानं मान डोलावली. आणि सांगायला सुरुवात केली. बोटं नीट वळत नव्हती, त्यामुळे काही खुणा त्याला दोनदा, तीनदा कराव्या लागल्या. बोलकी घाई करत नव्हती. नळावर होतो. धूर दिसला. दाराकडे पळालो. आतून दार हादरत होतं. मग त्यानं डाव्या हाताची मूठ केली, आणि उजव्या हातानं तिच्यावर किल्ली फिरवल्यासारखी केली.

दार अडकणं असतं तर त्यानं दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून खांदा लावला असता. दोन्ही खुणांत फरक तो एवढाच.

"कुलूप होतं," बोलकी म्हणाली. "बाहेरून. साक्षीदार म्हणतो, दाराला बाहेरून कुलूप होतं."

वकील उभा राहिला. तो हुशार होता, आरडाओरडा त्यानं केला नाही. "मॅडम, हे हातवारे. याचा कुणी काहीही अर्थ लावावा. दुभाषी बाईंचा आमच्यावर राग आहे, हे त्यांनी आत्ताच दाखवलं. त्या म्हणतात कुलूप. तो बिचारा कदाचित 'मूठ मारली' म्हणत असेल. आपल्याला कसं कळणार? तिच्या शब्दाखेरीज आपल्याकडे आहे काय?"

आणि इथे बोलकी पहिल्यांदा डगमगली. कारण हे खरं होतं. तिच्या शब्दाखेरीज काहीच नव्हतं. पण शपथ होती, म्हणून वकिलाचं बोलणंही तिनं जसंच्या तसं इस्त्रीदादाकडे नेलं. 'ते म्हणतात, तुझ्या हातांचा कुणी काहीही अर्थ लावू शकतं. माझ्याशिवाय कुणालाच ते कळत नाहीत.'

इस्त्रीदादा उठला.

मागच्या लोखंडी कपाटाच्या कडीला एक कुलूप किल्लीसकट लटकत होतं. ते त्यानं काढलं. खोलीचं दार ओढून लावलं, कोयंडा चढवला, कुलूप अडकवलं आणि किल्ली खिशात टाकली. मग चार पावलं मागे येऊन नळाखाली असल्यासारखं तोंड धुवायला लागला. एकदम मान वर. डोळे मोठे. धावला. दारावर थापा मारल्या. दोन्ही हातांनी कुलूप धरून खेचलं, आणि चटका बसावा तसे हात मागे घेतले. पुन्हा धरलं. पुन्हा खेचलं. त्याच्या गळ्यातून एक आवाज निघाला, शब्द नसलेला. तो ऐकून मागे बसलेल्या शिलाईवालीनं तोंडावर हात घेतला. त्या दुपारी दाराआड तोच आवाज तिनं ऐकला होता.

मग इस्त्रीदादा बाजूला झाला आणि मुकादम झाला. पट्टा वर ओढत, पोट पुढे काढत, बदकासारखी चाल. ओळखायला कुणाला क्षणही लागला नाही. मुकादम आला, खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं. दार उघडलं. आणि मग, आतल्या माणसांकडे बघायच्या आधी, त्यानं ते कुलूप रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात घातलं आणि इकडेतिकडे बघितलं.

दाराबाहेरच्या बाकावर खराखुरा मुकादम बसला होता. दार आता उघडंच होतं. तो आत बघत होता.

या सगळ्या वेळात बोलकीचे हात मांडीवर स्वस्थ होते आणि तोंड बंद होतं. तिची गरजच नव्हती.

अधिकारीबाई टेबलामागून बाहेर आल्या. त्यांनी इस्त्रीदादाला ते कुलूप खिशातून काढून पुन्हा धरायला लावलं, मग त्याची बोटं हलकेच उघडून भाजल्याच्या खुणा पाहिल्या. जिथे जिथे लोखंड टेकत होतं, तिथेच कातडी गुलाबी होती. मग त्या जागेवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "या दाराबद्दल आणखी कुणाला काही सांगायचं आहे?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मास्तर उभा होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि जबडा हलत होता, पण शब्द निघत नव्हता. बोलकीनं मागं वळून पाहिलं आणि लगेच नजर वळवली. त्याला मदत करायची नाही, असं तिनं ठरवलं. हे त्याचं त्यानंच बोलायला हवं होतं.

"रोज कुलूप असायचं," मास्तर म्हणाला. "मी रोज बघायचो. मी बोललो नाही."

मग शिलाईवाली उठली. "असायचं," एवढंच म्हणाली आणि रडत खाली बसली. मग आणखी दोघंजण.

मुकादम त्याच संध्याकाळी पोलिसांकडे गेला आणि मालकाच्या सांगण्यावरून कुलूप लावत होतो, असं त्यानं लिहून दिलं.

मास्तरबरोबर घरी जाताना बोलकी एकाएकी हसायला लागली.

"काय झालं?"

"मी किती मोठी समजत होते स्वतःला," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळं माझ्या जिभेवर आहे. मी बदलले तर खरं बुडालं. अहो, माझ्याशिवायही ते उभं राहिलं! देवानं मला फक्त विचारून बघितलं, तू कोणत्या बाजूला उभी राहतेस म्हणून."

"आणि आता पुढे?" मास्तरनं विचारलं.

"पुढचं त्याच्यावर टाकलंय."

"त्याला माहीत आहे का, माझी नोकरी गेली ते?"

"त्यालाच तर आधी माहीत," बोलकी म्हणाली, आणि यावर मास्तरलाही हसू आलं.

कारखाना बंद झाला तो झालाच. मालकाला शिक्षा झाली, गल्लीतल्या काहींच्या मते फार, काहींच्या मते फारच थोडी. नळावर बोलकी आली की काही बायका बादली अर्धी भरलेली असतानाच उचलून जायच्या. हे पुष्कळ दिवस चाललं. एकीनं तोंडावर म्हटलं, "मिळालं का देवाचं बक्षीस?" बोलकी म्हणाली, "मी मागितलंच नव्हतं. बादली सरक जरा."

शाळेनं तिला येऊ नका म्हणून कळवलं. कारण काही दिलं नाही. तिनंही विचारलं नाही. पण पोरांच्या आया तिच्या दारात आल्या, की आमची मुलं घरी हातांनी गप्पच बसतात, तुम्ही नाही तर कोण शिकवणार? मग बोलकीनं बाहेरच्या खोलीतला पलंग भिंतीला उभा केला आणि तिथेच मुलं बसवली. सासूबाई मुलांवर ओरडायच्या आणि मुलं, ऐकू येत नसल्यामुळे, मजेत खेळत राहायची. शेवटी सासूबाईंनी वैतागून 'गप्प बसा' हातांनी कसं म्हणतात ते शिकून घेतलं. एवढ्या वर्षांत त्यांनी शिकलेली ती पहिली खूण.

मास्तर पडद्यांच्या दुकानात कापणीला लागला. आधीच्या मानानं हलकी नोकरी. पण पहिल्याच दिवशी त्यानं मागचा जिना पाहिला. जिन्यावर कापडाचे गठ्ठे रचलेले होते. नव्या मालकाला तो म्हणाला, "हे उचला, नाहीतर मी आजच घरी जातो." मालक त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, पण गठ्ठे उचलले गेले. चारचौघांत मास्तर आता बोलतो. अडखळतो, पण बोलतो.

काज करणाऱ्या बाईची आई एकदा येऊन गेली. पाणी प्यायली, थोडा वेळ बसली. जाताना बोलकीचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले.

बोलकीला अजूनही बोलावणी येतात. दवाखान्यातून, कचेरीतून. परवा एका मोठ्या हापिसात एका साहेबानं तिला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, प्रकरण नाजूक आहे. जरा सांभाळून सांगा."

बोलकी म्हणाली, "सांभाळूनच सांगते साहेब. एकही शब्द सांडणार नाही."